दुनळीला पॉलिश मारू नका

खंडेनवमी जवळ आली की आमच्या परभणीकडं लोखंडाचा छळ सुरू होतो. फाळ, विळे, कुऱ्हाडी, खुरपी सगळं अंगणात येतं. ज्यांच्या घरात असेल त्यांची जुनी तलवार येते, आणि ज्यांच्याकडं परवाना आहे त्यांची बंदूकही येते. पूर्वी चिंच, राख आणि विटकरीचा भुगा एवढंच सामान असायचं. आता पॉलिश पेपर असतो, ग्राइंडरला लावायची तारेची चकती असते, आणि कुठल्या तरी बाटलीत बॅटरीतलं ॲसिड असतं. फाळ घासा, विळा घासा, माझं काही म्हणणं नाही. फाळ तर काळ्या मातीत दोन तास चालला की आपोआप आरशासारखा होतो. माझं भांडण आहे ते बंदुकीच्या जुन्या नळीवरून. ती घरी घासू नका. हे मी भावकीत बोलून झालो, पारावर बोलून झालो, आता लिहून सांगतो.

आमच्या घरात घोड्याची दुनळी आहे. आबांनी निजामाच्या राज्यात हैदराबादहून आणलेली. कोणत्या साली, केवढ्याला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. नळ्यांच्या खालच्या अंगाला, लाकूड काढल्यावर दिसतो असा, एक लंबगोल शिक्का आहे आणि त्यात ई, एल, जी ही अक्षरं. म्हणजे माल बेल्जियममधल्या लिएज गावचा. नळ्या लांबून नुसत्या तपकिरी दिसतात. पण उन्हात धरून थोड्या फिरवल्या की अंगावर नक्षी उमटते. बारीक भोवऱ्यांच्या रांगा, एकाला एक चिकटलेल्या, तिरक्या, टोकापर्यंत गेलेल्या. लहानपणी मला वाटायचं की कुणी सुईनं कोरलंय.

कोरलेलं काही नाही. ती नळी तशीच घडलेली आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून तापवायच्या, ठोकून एकजीव करून त्यांची कांब करायची, ती कांब लाल असताना दोरीसारखी पिळायची. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी जोडून चपटी पट्टी करायची आणि ती पट्टी एका सळईभोवती, आमच्याकडं सुतळी गुंडाळतात तशी, वेढ्यावर वेढा देत गुंडाळायची. मग पुन्हा भट्टी, पुन्हा हातोडा, वेढे एकमेकांना चिकटेपर्यंत. सळई काढली की राहते ती नळी. नक्षी म्हणजे त्या पिळाचा माग आहे, वरून काढलेलं चित्र नाही. लिएजच्या बाजूला व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात घराघरांत हे काम चालायचं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला चालायचं. एका जातीच्या नळ्यांना तर घोड्याच्या नालांचे जुने, झिजलेले खिळे गोळा करून वापरायचे, कारण ते लोखंड ठोकून ठोकून आधीच चिवट झालेलं असायचं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बाजारातला नालबंद आठवला. त्याच्या पायाशी असलेच खिळे पडलेले असायचे आणि आम्ही पोरं ते वेचायचो.

या नळीला दमास्कस म्हणतात. दमिश्क शहराचं नाव. तलवारीच्या दमिश्की पोलादालाही तेच नाव, आणि यामुळं घोटाळा होतो. तलवारीचं ते पोलाद वेगळं. ते मुशीत वितळवून थंड करताना त्याच्या पोटातच लहरी धरतं, आणि पातं ठोकून झाल्यावर ती लहर वर दिसते. फारसीत तिला जौहर म्हणतात. बंदुकीच्या नळीतली नक्षी मात्र दोन धातू पिळून आणलेली. नात्यानं चुलत म्हणा हवं तर.

आता आमच्यातले काही शहाणे म्हणतात, विलायती वस्तू, आपलं काय त्यात? त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, अकबराच्या कारखान्यात नळी कशी करत हे अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय: लोखंड चपटं करायचं, तिरकं गुंडाळत न्यायचं, आणि विस्तवात सांधे जोडायचे. ही सोळाव्या शतकाची गोष्ट. तोड्याच्या बंदुकांच्या पिळाच्या नळ्या आपल्या मुलखात होत होत्या तेव्हा लिएजची ती घरं त्या कामाला लागलेलीही नव्हती. दुसरी गोष्ट आणखी जवळची. गंगाखेडवरून गोदावरी खाली नांदेडला जाते आणि पुढं निजामाबाद जिल्ह्यात शिरते. तिथं नदीच्या दक्षिणेला कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. 1820 च्या आगेमागे व्हॉयसी नावाचा इंग्रज भूगर्भतज्ज्ञ तिथं गेला आणि मुशीतलं पोलाद कसं करतात ते त्यानं लिहून ठेवलं. इराणचे व्यापारी त्या गावात मुक्काम ठोकून पोलादाच्या वड्या घेऊन जायचे, पुढं त्यांच्या तलवारी व्हायच्या. ज्या दमास्कसच्या नावानं जग तोंडात बोट घालतं, त्यातलं काही पोलाद आमच्याच संस्थानातल्या खेड्यातून गेलेलं होतं. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. मुक्तिसंग्रामाच्या आधीचं सगळं काळंकुट्ट, अशा हिशोबानं आम्ही इतिहास शिकलो.

मूळ मुद्द्यावर येतो. माझा पुतण्या शिकलेला आहे, हाताचा हुशार आहे, मोटार उघडून पुन्हा बसवतो. मागच्या वर्षी त्यानं दुनळी बघितली आणि म्हणला, "काका, एका दिवसात नवी करून देतो बघा. चकाचक."

"कामून करायची नवी?"

"मंजी? पूजेला मांडायची आन् असली गंजकी? लोकं काय मनतील?"

खरी अडचण तिथंच आहे. नळीचा तपकिरी रंग त्याला गंज वाटतो, आणि गंमत अशी की तो गंजच आहे. पण मुद्दाम आणलेला. नळी करणारे कारागीर घासून गुळगुळीत केलेली नळी चुन्यानं धुवून तिचं तेलकटपण घालवायचे. दोन्ही तोंडांना लाकडाच्या खुंट्या ठोकायचे, त्यानं आतल्या भागाला ओल लागत नाही आणि धरायलाही होतं. मग हलकं औषध लावायचे, ज्यात मोरचूद, नवसागर, लोहाचे क्षार, तेजाबाचे थेंब असं ज्याचं त्याचं गुपित असायचं. नळी दमट खोलीत टांगून ठेवायची. तिच्यावर तांबूस लव यायची. ती बारीक तारेच्या ब्रशनं झाडायची आणि पुन्हा औषध. असं सहा वेळा, आठ वेळा, दहा वेळा. कुठं मध्ये उकळत्या पाण्यात घालत, म्हणजे तांबडा गंज काळा पडतो. लोखंडावर गंज एका तऱ्हेनं धरतो आणि पोलादावर दुसऱ्या तऱ्हेनं, म्हणून एक पट्टा गडद होतो आणि दुसरा फिका राहतो. नक्षी वर येते ती अशी. शेवटी गरम पाण्यानं मारून टाकायचं आणि तेल किंवा मेण चोळायचं. हा असा मेलेला गंज पुढच्या जिवंत गंजाला अडवतो. दूध विरजून दही केलं की ते वेगळं टिकतं, तसंच काहीसं.

पुतण्या पॉलिश पेपर मारणार म्हणजे काय करणार? ते कवच आधी काढणार. नळी पांढरीफेक होईल, नक्षी दिसेनाशी होईल, आणि उघडं लोखंड आमच्या पावसाळ्याच्या हाती सापडेल. पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्यावर खरा गंज येईल, खड्डे पाडणारा. मग पुन्हा पेपर. ही न संपणारी चैन आहे आणि दरवेळी नळी पातळ होते.

पातळ होते म्हणजे किती, ते ऐका. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या एका रत्तलात बसतात, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भोक. नळीचा काडतुसाकडचा भाग जाड असतो, पण मधला आणि पुढचा भाग, जिथं डावा हात धरतो तिथून पुढं, तिथं भिंत कित्येक बंदुकांत एक मिलिमीटरसुद्धा नसते. बारीक खड्डे घालवायचे तर सगळी नळी खड्ड्याच्या बुडापर्यंत उतरवावी लागते. नाहीतर खड्डे तसेच राहतात आणि भोवती चकाकी येते, ते आणखी वाईट दिसतं.

आणि आमच्या नळीवर खड्डे आहेत. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांची धाड येणार असं कानावर आलं तेव्हा आबांनी दुनळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून रिकाम्या पेवात पुरली. पावसाळा गेला, 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, आणि त्यानंतर कधी तरी ती बाहेर काढली. पेवात पाणी झिरपलेलं होतं. उजव्या नळीवर वितीएवढ्या जागेत बारीक देवीच्या वणांसारखे डाग आहेत ते तेव्हाचे. आबा ते दाखवायचे आणि पुढं काही बोलायचे नाहीत. पुतण्याला ते डाग घालवायचे होते. मला विचाराल तर आमच्या घरात त्या वर्षाचा दुसरा लेखी पुरावा नाही.

आता जे अर्धवट माहितीवर जोर करतात त्यांच्यासाठी थोडं. एक, स्वस्त बंदुकांच्या साध्या नळ्यांवर तेजाबानं दमास्कसची खोटी नक्षी उमटवून विकायचा धंदा त्या काळीही होता. खरी नळी घासली तर नक्षी पोटात शिल्लक असते, जाणकार ती परत आणू शकतो. खोटी घासली तर गेली. तुमची खरी की खोटी, हे पेपर मारायच्या आधी तुम्हाला कळतं का? दोन, दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथलाच्या झाळणीनं जोडलेल्या असतात. आजकाल बंदुकीला निळा-काळा रंग द्यायला कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या क्षाराची जी आंघोळ घालतात, ती या झाळणीला खाऊन टाकते. चुलीवर तापवली तरी सांधा सुटतो. तीन, जोरकस तेजाब पिळाच्या सांध्यांत शिरतं. पट्ट्या एकजीव केल्या तरी शंभर जागी जोडलेल्या असतात, आणि कुठं मळीचा बारीक धागा अडकलेला असतो. तिथं शिरलेलं तेजाब तुम्ही पाण्यानं धुतलं म्हणून निघत नाही. ते आतून कुरतडत बसतं.

आमच्या पाहुण्यांतल्या एकांनी त्यांची दुनळी मुलामा चढवायच्या एका दुकानात दिली होती. कुठलं गाव ते राहू द्या. परत आली ती लग्नातल्या बँडच्या कर्ण्यासारखी. लखलखीत! सगळ्या गावाला दाखवली. दोन वर्षांत वरचा मुलामा फुगला, पापुद्रे निघाले, आणि नळ्यांमधली पट्टी हलवली की टकटक वाजायला लागली. नक्षीचं नाव नाही. लोक अजून म्हणतात, दुकानदारानं फसवलं. मी म्हणतो, दुकानदाराला चमक मागितली, त्यानं चमक दिली.

हा चमकेचा रोग फक्त बंदुकीला नाही. आमच्याकडं हेमाडपंती देवळांचे दगड पिवळ्या-निळ्या ऑइल पेंटनं रंगवतात. वाड्याच्या सागवानी दारावर सनमायका मारतात. शेंदूर परवडला, त्याचं कवच कधी तरी गळून पडतं आणि आतली मूर्ती जशीच्या तशी निघते. ऑइल पेंट काढायला गेलं तर दगडाची कातडी घेऊन येतो. आणि हे सगळं श्रद्धेनं, वर्गणी काढून, आमदाराच्या हातून नारळ फोडून.

कुणी म्हणेल, मग शस्त्रं साफच करायची नाहीत का? नांदेडला जाऊन बघा. हजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं. गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतात, गुरू गोविंदसिंहांच्या काळची शस्त्रं काढून साफ करतात. वर्षानुवर्षं ठरलेले हात, ठरलेली पद्धत. त्याच नांदेडात शिकलगारांची वस्ती आहे. शिकल करणं म्हणजे धार लावून उजळवणं, अरबी-फारसीतून आलेला शब्द, आणि एका अख्ख्या जमातीचं नाव त्यावरून पडलं. उजळवणं हे एका जमातीनं पिढ्यान् पिढ्या शिकायचं काम होतं, यावरून तरी ते रविवारच्या दुपारी ग्राइंडरवर उरकायचं नाही एवढं ध्यानात यावं.

घिसाड्यांची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी सुगीच्या आधी घिसाड्यांची पालं गावाबाहेर पडायची. बाई घण मारायची, बाप्या सांडशीत लोखंड धरायचा. त्यातल्या एका म्हाताऱ्याला दादांनी दुनळीचा घोडा सैल झालाय म्हणून दाखवली. त्यानं घोड्याकडं बघितलंच नाही. नळी उन्हात फिरवली, अंगठा फिरवला, बायकोला हाक मारून दाखवली. मग दादांना विचारलं, "मालक, हे कुनी जोडलं?" दादांनी सांगितलं, साहेबाच्या देशातलं आहे. म्हातारा म्हणला, "देश कोनता बी असंल. भात्यावर बाई चांगली व्हती." आणि बंदूक परत दिली. हात लावला नाही. आपल्या हातचं काम कोणतं आणि कोणतं नाही, हे त्याला कळत होतं. आमच्या ग्राइंडरवाल्या पिढीला नेमकं तेच कळत नाही, आणि ती स्वतःला तंत्रज्ञानातली समजते.

कायद्याचंही बोललं पाहिजे. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो. नळी घासणं ही दुरुस्ती की सफाई, यावर वकील वाद घालतील. पण क्रमांक किंवा शिक्का घासून गेला तर वाद उरत नाही, तुम्ही आत जाता. आणि "जुनी आहे, शोभेची आहे" म्हणून परवाना लागत नाही असंही नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघणार नाही अशीच जुनी बंदूक कायदा सोडून देतो. चालू दुनळी पणजोबाची असली तरी चालू दुनळीच.

आता सगळ्यात जिवावरचं. रोही आणि रानडुकरं तुरीचा, हरभऱ्याचा फडशा पाडतात. माणूस रात्र रात्र जागलीवर बसतो, वैतागतो, आणि घरात चकाचक केलेली दुनळी असते. पिकासाठी असो नसो, शिकारीचा वेगळा कायदा 1972 पासून आहे, तो बाजूला ठेवा. साधी बाब बघा. या नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. काळी दारू धूर करते आणि ढकलते. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या तऱ्हेनं जोर धरते. खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस आजच्या पोलादी नळीसाठी आहे, शंभर वर्षांच्या पिळाच्या, आतून कुरतडलेल्या, वरून घासून पातळ केलेल्या नळीसाठी नाही. काडतूस मात्र त्या घरात बिनतक्रार बसतं, बारा बोअर ते बारा बोअर. नळी फाटते ती बहुधा डाव्या हाताखाली. गंजकी दिसत होती तोवर लोक तिला भीत होते. पॉलिश मारली आणि भीती गेली. म्हणून मी म्हणतो की पॉलिश ही नुसती अडाणी हौस नाही, ती दिशाभूल आहे. तपकिरी, डागाळलेली नळी आपलं वय खरं सांगते.

करायचं काय, तर फार थोडं. नळी रिकामी आहे हे दोनदा बघून घ्यायचं. मऊ सुती फडकं, पातळ तेल. तांबडी, बोटाला लागणारी भुकटी असेल तर तेवढीच तेलात भिजवून हळूच पुसायची. तपकिरी, घट्ट बसलेलं असेल त्याला हात लावायचा नाही. चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि कमावताना लावलेले क्षारही त्यात असतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढायची. नक्षी फारच बुजली असेल आणि परत आणायचीच असेल तर परवानाधारक बंदूकसाजाकडं जायचं, आणि त्यालाही आधी विचारायचं की बाबा, दमास्कसची नळी तू कधी केलीस का. तो "हो, बफ मारून देतो" म्हणला की उठून यायचं.

सरकारी लोकांनाही सोडत नाही. निवडणूक आली की बंदुका जमा करा. सरसकट सगळ्यांच्या घेऊ नका, छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं असूनही खेड्यात निरोप येतो तो सरसकटच. जमा केलेल्या बंदुका खोलीत भिंतीला टेकवून उभ्या. खाली ओल, वर उंदीर. परत मिळते तेव्हा नळीवर कुणाच्या तरी घामाच्या बोटांचे ठसे गंजून उमटलेले असतात. आणि 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाची धरून. नियम चांगला की वाईट ते सोडा. पण परवानाधारक वारला, पोरांना कोर्टकचेरी नको वाटली, की ती बंदूक ठाण्यात जाते आणि बरीचशी शेवटी भंगारात किंवा भट्टीत. त्याआधी एकदा तरी कुणी जाणत्या माणसानं त्या ढिगातल्या नळ्या उन्हात फिरवून बघाव्यात, एवढी माझी मागणी आहे. दोन-चार वेचून, कायमच्या निकामी करून, जिल्ह्याच्या ठिकाणी काचेत ठेवा. शेजारी कोनासमुद्रमचा नकाशा लावा. पोरं बघतील.

आमची दुनळी मी परवा जमा केली. जमादारानं पावतीवर लिहिलं, "जुनी गंजकी दुनळी, एक नग." मी म्हणलं, साहेब, गंजकी खोडा.

"मग काय लिहू?"

"तपकिरी लिहा."

त्यानं नळी हातात घेऊन खिडकीकडं धरली, जरा फिरवली. मग पावतीवर खाडाखोड करून लिहिलं, "तपकिरी, नक्षीची," आणि सही केली.